बोल्टवरचा आळ

कुकरची शिट्टी होत नाही म्हटल्यावर घरातली जाणती बाई शिट्टीकडे आधी बघत नाही. ती झाकण उघडते, कडेची रबरी रिंग काढते, दोन बोटांत ताणून बघते. रिंग सैल पडली असेल तर उलटी करून बसवते, तेवढ्यानं भागलं नाही तर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवते, आणि तरीही वाफ कडेनं निसटत राहिली तर बाजारातून नवी आणते. शिट्टी बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक, दुरुस्त करायला बसणाऱ्याकडे एवढं शहाणपण असलं, तरी त्याचा निम्मा वेळ आणि बराचसा पैसा वाचतो.

मार्करमधली ‘शिट्टी’ म्हणजे बोल्ट. गोळी आत फुटली, बोल्ट गेला. वेग कमीजास्त पडतो, बोल्ट खराब. हवा गळते, बोल्ट बदला. मैदानावर हे रोज ऐकू येतं. वरचं झाकण काढलं की डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा हलता भाग हाच, म्हणून आळही त्याच्यावरच येतो. प्रत्यक्षात बोल्टमध्ये मोडण्यासारखं फार काही नसतंच. ॲल्युमिनियमचं, स्टीलचं किंवा डेल्रिन नावाच्या कडक प्लॅस्टिकचं, बोटभर लांबीचं ते नळकांडं. वर्षानुवर्षं टिकतं. चूक असते त्याच्या गळ्यातल्या दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगमध्ये, मागच्या हवेत, वरून उतरणाऱ्या गोळीत, नाहीतर चाप ओढणाऱ्या बोटात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा मामला आहे, आणि या पुस्तकाची पुढची सगळी पानं त्या चोराचा माग काढण्यासाठी आहेत.

बोल्टचं काम सांगायला सोपं आहे. वरच्या हॉपरमधून, म्हणजे गोळ्यांच्या डब्यातून, 0.68 इंचाची (सव्वासतरा मिलिमीटरची), साधारण तीन ग्रॅम वजनाची जिलेटिनची गोळी बॅरलमागच्या पोकळीत, ब्रीचमध्ये, उतरते. बोल्ट तिला पुढे बॅरलमध्ये ढकलतो. ढकलताना स्वतःच्या अंगानं वरची वाट बंद करतो, म्हणजे पुढची गोळी आत घुसत नाही आणि हवा वर निसटत नाही. मग स्वतःच्या पोटातल्या छिद्रांतून हवा गोळीच्या पाठीवर सोडतो आणि मागे येऊन पुढच्या गोळीला जागा देतो. गोळी सेकंदाला 300 फुटांच्या आत बाहेर पडली पाहिजे. बहुतेक मैदानांवर हीच कमाल मर्यादा असते, बंदिस्त जागेत त्याहून कमी. 300 फूट म्हणजे ताशी सुमारे 330 किलोमीटर. त्या वेगाच्या गोळीत साडेबारा ज्यूल ऊर्जा असते, म्हणून तोंडावरचा मास्क खेळ संपेपर्यंत काढायचा नसतो.

हे सगळं काम एकेकाळी माणसाचा हात करायचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नेल्सन नावाची रंगाची कंपनी जंगलखात्यासाठी झाडांवर खुणा करायचा रंग बनवत असे. ओढ्यापलीकडच्या झाडापर्यंत चालत जायला नको म्हणून रंगाच्या गोळ्या आणि त्या उडवणारं पिस्तूल आलं. छऱ्याच्या बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेझी कंपनीनं बनवलेलं ते पिस्तूल म्हणजे नेलस्पॉट 007. गुरांढोरांवर खूण करून ठेवायलाही ते वापरलं जाई. ‘मार्कर’ हे नाव तिथलंच आहे, खेळाडूंनी सोज्वळपणासाठी शोधलेलं नाही. नेलस्पॉटमध्ये गोळी आत घ्यायची तर पिस्तूल तिरकं करून ती घरंगळू द्यायची, मग बोल्टची मूठ हातानं मागेपुढे करायची आणि नंतर चाप. एका बारानंतर दुसऱ्याला काही सेकंद सहज जात.

27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी ही पिस्तुलं घेऊन पहिला खेळ खेळला. लेखक चार्ल्स गेन्स, शेअरबाजारातला हेज नोएल आणि बॉब गर्न्सी यांच्यातला वाद असा होता की रानात शहरी माणूस तरेल की रानातला. (‘पम्पिंग आयर्न’ या शरीरसौष्ठवावरच्या पुस्तकाचे लेखक ते हेच गेन्स.) जिंकला रिची व्हाइट नावाचा वनकर्मचारी. चारही निशाणं त्यानं गोळा केली, तीही एकही गोळी न झाडता. बोल्टच्या इतिहासाची सुरुवात अशी बोल्ट न वापरणाऱ्याच्या विजयानं झाली, हे इथं नोंदवून ठेवायला हरकत नाही.

पुढच्या दहा वर्षांत हाताचं काम हवेकडे गेलं आणि खऱ्या कटकटी तिथून सुरू झाल्या. हात थांबतो. गोळी अर्धवट उतरली असेल तर बोटांना अडथळा जाणवतो. हवेला काही जाणवत नाही.

आज भाड्यानं मिळणारे बहुतेक मार्कर ‘ब्लोबॅक’ जातीचे असतात. अमेरिकेत काय किंवा लोणावळा-कर्जतच्या रिसॉर्टवर काय, हातात पडतो तो बहुधा टिपमन 98 किंवा त्याचा एखादा भाऊबंद, क्वचित किंगमन कंपनीचा स्पायडर. यातली युक्ती साधी. मागे स्प्रिंगवर ताणलेला जड हॅमर एका खाचेत, म्हणजे सिअरवर, अडकलेला असतो. चाप ओढला की सिअर सुटतो, हॅमर पुढे झेपावतो आणि जोडदांड्यानं बांधलेला बोल्टही त्याच्यासोबत पुढे जाऊन गोळी बॅरलमध्ये बसवतो. हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर आदळतो. सुटलेली हवा दोन वाटा धरते: थोडी बोल्टमधून गोळीमागे, थोडी मागे हॅमरवर. मागे गेलेली हवा हॅमरला पुन्हा सिअरपर्यंत ढकलून नेते. एका पळीत वाढावं आणि त्याच पळीनं परत घ्यावं, तसं.

या जातीचा एक आजार सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. चाप एकदा ओढला आणि मार्कर आपला आपणच भडभडत सुटला. नवख्याला वाटतं, वा, मशीनगन झाली! झालेलं असतं उलटंच. मागे जाणारी हवा इतकी अशक्त असते की हॅमर सिअरपर्यंत पोचत नाही, वाटेतूनच स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे फेकते, तो पुन्हा व्हॉल्व्हवर आपटतो, आणि हे सिलिंडर संपेपर्यंत चालू. पाहायचं ते क्रमानं. सिलिंडरमध्ये हवा पुरेशी आहे का? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर भरभर झाडल्यानं तो गार पडलाय का? या वायूचा दाब तापमानावर चालतो. 21 अंश सेल्सिअसला चौरस इंचाला सुमारे 850 पौंड, थंडीत बराच कमी, आणि सिलिंडरवर दव धरलं की समजावं आतला दाब बसला. हे दोन्ही ठीक असेल तर हॅमरवरची ओ-रिंग. ती झिजली की हवा तिच्या कडेनं सटकते आणि ढकलण्याचा जोर जातो. सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर सुकलं की दांडा वरखाली करूनही चाकात हवा जात नाही, त्यातलाच प्रकार. शेवटी सिअरची धार गोल झालीय का ते पाहायचं. एवढ्या यादीत बोल्टचा नंबर कुठेही लागत नाही.

गोळी आत फुटण्याचं दुखणं यापेक्षा वारंवार येतं, आणि तिथे नीट बघणाऱ्याला रंगच सगळं सांगतो. रंग ब्रीचमध्ये, बोल्टच्या तोंडावर आणि गोळी उतरण्याच्या नळीत उडाला असेल, तर गोळी चिरडली गेली. ती पुरती उतरायच्या आत बोल्ट पुढे आला. ब्रीच कोरडी आणि रंग फक्त बॅरलमध्ये असेल, तर गोळी नीट बसली होती, फुटली नंतर. पहिल्या प्रकारात हॉपर, डिटेंट आणि बोट तपासावं. दुसऱ्यात गोळ्यांचं माप, त्यांचं वय आणि बॅरलमधला आधीचा चिकटा. दोन्हींना ‘बोल्ट फोडतोय’ असं एकच नाव देऊन नवा बोल्ट मागवणारे पुष्कळ आहेत.

चिरडण्यामागचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. सव्वासतरा मिलिमीटरची गोळी निव्वळ स्वतःच्या वजनानं स्वतःच्या उंचीइतकी खाली यायला सुमारे 60 मिलिसेकंद घेते. सेकंदाला दहा गोळ्या झाडायच्या तर एका फेरीला मिळतात 100 मिलिसेकंद, आणि त्यातला बराच काळ बोल्ट पुढे असतो, वाट बंद. उरलेल्या फटीत गोळी उतरणार कशी? वरच्या दोन गोळ्या एकमेकींना अडल्या तर उतरतही नाही. म्हणून मोटरवर फिरणारे, गोळ्या दाबून खाली पाठवणारे लोडर आले. म्हणूनच पुढे ब्रीचच्या दोन बाजूंना इन्फ्रारेडचे ‘डोळे’ बसले. गोळीनं किरण अडवला तरच बार सुटतो. डोळ्यांवर रंग बसला की मात्र तेही फसतात. डोळे न पुसता ते बंद करून खेळणारा खेळाडू आणि आरसा फिरवून ठेवून गाडी चालवणारा चालक, दोघांची अक्कल सारखीच.

डिटेंट म्हणजे गोळीला वेळेआधी पुढे सरकू न देणारा रबराचा किंवा स्प्रिंगचा इवलासा दात. तो झिजला की पहिली गोळी थोडी पुढे घरंगळते, दुसरी तिच्या मागे अर्धी शिरते आणि बोल्ट दुसरीला कापतो. भाग नखाएवढा, घोटाळा मुठीएवढा.

जोडण्यांचा खरा रसिक मात्र ब्लोबॅकवर रमत नाही. त्याला ऑटोकॉकर दाखवावा. बड ऑर यांच्या वर्र गेम प्रॉडक्ट्सचा हा मार्कर मुळात पंपाचा. पंप ओढणाऱ्या हाताच्या जागी त्यांनी पुढे एक छोटा पिस्टन, एक कमी दाबाचा रेग्युलेटर आणि हवेची दिशा बदलणारा ‘थ्री-वे’ बसवला, पातळ रबरी नळ्यांनी जोडून. हे सगळं उघड्यावर हलताना दिसतं, जुन्या शिवणयंत्रासारखं. चापाच्या ओढीत दोन टप्पे: आधी सिअर सुटून बार उडायचा, मग थ्री-वे सरकून मागचा ठोकळा बोल्टला घेऊन उघडायचा. ही वेळ जुळवणं म्हणजेच ‘टायमिंग’, आणि त्यावर खेळाडूंनी रात्री जागवल्यात. थ्री-वे लवकर सरकला तर हवा अजून सुटत असतानाच बोल्ट उघडतो, फवारा वर उडतो आणि हॉपरमधल्या गोळ्या लाह्यांसारख्या नाचतात. रेग्युलेटरचा दाब कमी असेल तर ठोकळा आळसावल्यासारखा मागे येतो आणि कधी हॅमर पकडतच नाही. जास्त असेल तर धाडकन आपटतो, गोळीचा चुरा. आणि सगळं जुळूनही खेळाडूनं चाप अर्ध्यातून सोडला, तर अर्ध्या उघडलेल्या दारातून गोळी अर्धीच येते. ही चूक मार्करची नव्हे. ऑटोकॉकरवाल्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड.

ऑटोकॉकरच्याच काळात टॉम के यांच्या एअरगन डिझाइन्सनं ऑटोमॅग आणला. हॅमर नाही, वेगळा व्हॉल्व्ह नाही. बोल्ट स्वतःच व्हॉल्व्ह. मागच्या छोट्या कोठीत हवा भरते, चाप ओढला की बोल्ट सुटतो, पुढे जाऊन ती हवा मोकळी करतो आणि स्प्रिंग त्याला परत आणते. मार्कर झपाट्याचा, पण गोळी आडवी आली तर निर्दयपणे चिरणारा. 2000 नंतरच्या काही वर्षांत आलेल्या ‘लेव्हल 10’ बोल्टनं ते दुखणं काढलं: सुरुवातीचा धक्का मंद, आणि अर्धवट गोळीवर टेकला की आतली हवा सोडून देऊन बोल्ट मागे फिरतो. जोडणी करताना वेगवेगळ्या मापांचे ‘कॅरिअर’ आणि वेगवेगळ्या लांबीच्या स्प्रिंगा घेऊन बसावं लागतं. ओ-रिंग कॅरिअरमध्ये सैल बसली तर बॅरलमधून हवेची बारीक सुरसुर, घट्ट बसली तर बोल्ट जागच्या जागी अडतो. सुरसुर थांबेपर्यंत एकेक माप घट्ट करत जायचं आणि थांबताक्षणी हात आवरायचा. सतार लावणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. हे के नंतर जीवाश्मांकडे वळले. डायनासोरच्या हाडांत सापडलेल्या मऊ ऊती म्हणजे जिवाणूंचा थर असू शकतो, असं म्हणणारा त्यांच्या गटाचा 2008 मधला शोधनिबंध गाजला होता. काय दिसतंय आणि ते खरोखर काय आहे यातला फरक विचारण्याची सवय त्यांना कुठून लागली असेल, यावर ज्यानं त्यानं तर्क करावा.

आजचे स्पर्धेतले बरेच मार्कर याच कुळातले, ‘स्पूल’ जातीचे. इथे स्प्रिंगऐवजी हवाच बोल्टला मागेपुढे नेते, आणि तिला किती वेळ वाट द्यायची ते सर्किट बोर्डवरून मिलिसेकंदांत ठरतं. त्या वेळेला ‘ड्वेल’ म्हणतात. दाब दोनशे पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आवाज मऊ, गोळीला धक्का कमी. आणि नखरा एकच: पहिला बार.

समजा, गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर एक खेळाडू उभा आहे. लागोपाठ झाडतो: 281, 284, 279, 282. छान. पाच मिनिटं गप्पा मारतो, पुन्हा झाडतो: 258, मग 281, 283. तो लगेच वेगाचा स्क्रू पिळतो. आता पहिला बार 275 वर येतो, पण पुढचे 300 च्या वर जातात आणि पंच त्याला मैदानाबाहेर काढतो. झालेलं इतकंच होतं की पाच मिनिटं एका जागी दबून बसलेल्या ओ-रिंगांखालचं ग्रीस बाजूला सरकलं, रबर धातूला चिकटलं, आणि ती पकड सोडवण्यात पहिल्या बाराचा थोडा वेळ गेला. ड्वेलनं दिलेली वेळ तेवढ्यात संपली. उपाय स्क्रूमध्ये नाही. बोल्ट काढावा, सुती फडक्यानं जुनं काळपट ग्रीस पुसावं, प्रत्येक रिंगवर मार्करसाठीचं पातळ सिलिकोन ग्रीस चमक येण्यापुरतं लावावं. भाकरीवर लोणी थापावं तसं नव्हे. आणि फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं तेल तर अजिबात नको. त्यातलं द्रावक आधीचं ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. दुसऱ्या दिवशी मार्कर पहिल्यापेक्षा जास्त अडतो.

ड्वेल लावायची रीत अशी. आधी रेग्युलेटरनं हवा तो वेग आणून ठेवायचा. मग ड्वेल एकेक मिलिसेकंदानं कमी करत प्रत्येक वेळी काही बार मोजायचे. एका आकड्यावर वेग अचानक घसरतो. तिथून एक-दोन मिलिसेकंद वर येऊन थांबायचं. ड्वेल उगाच जास्त ठेवला तर हवा फुकट जाते, आणि घाणेरडा बोल्टही बरा असल्याचं सोंग आणतो. ताप आहे म्हणून थर्मामीटर झटकून ठेवण्यातलाच प्रकार तो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे मोडला की मग कशानं काय झालं हे कुणालाच कळत नाही.

गळती शोधायची तर कान आणि साबणाचं पाणी पुरतं. बॅरलच्या तोंडातून सुरसुर आली तर स्पूलमध्ये बोल्टच्या टोकाजवळची रिंग, ब्लोबॅकमध्ये आणि ऑटोकॉकरमध्ये व्हॉल्व्हची कप सील. मुठीतून आली तर सोलेनॉइड किंवा त्याखालचं गॅस्केट. कान लावायचा तो बाजूनं, बॅरलसमोर कधीच नाही. त्याआधी हॉपर उतरवलेला, ब्रीच रिकामी पाहिलेली, आणि बॅरलवर कापडी टोपी. उघडायच्या आधी सिलिंडर काढून मोकळ्या दिशेला दोन-तीन कोरडे बार झाडायचे, कारण सिलिंडर निघाला तरी आतल्या कोठीत एका बाराची हवा दबा धरून असते.

आता आपल्याकडचं एक प्रकरण. गोळीचं कवच जिलेटिनचं, आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग. औषधांच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीच्या यंत्रावर बनतात, त्यावरच या गोळ्या बनल्या. आर. पी. शेरर यांनी 1933 मध्ये काढलेलं ते यंत्र. पावसाळ्यात बाटलीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला पुढचं सांगायला नको. लोणावळ्याच्या किंवा गोव्याच्या जुलैत उघडं राहिलेलं गोळ्यांचं खोकं दमट होतं, गोळ्या फुगतात, मऊ पडतात, एका अंगावर चपट्या होतात. उन्हाळ्यात मक्खन चाललेला मार्कर त्याच आठवड्यात ‘बिघडतो’. बॅरल काढून उभा धरावा, आत एक गोळी टाकावी. आपोआप खाली पडली तर ती बॅरलपेक्षा लहान, हवा कडेनं वाया जाणार. जागच्या जागी राहिली आणि फुंकरीनं बाहेर आली तर जोडी जमली. फुंकूनही हलली नाही तर तो आठवडा मार्करला हात लावू नये. गोळ्यांचं खोकं बदलावं.

हत्यारांपैकी इथे एकाचंच नाव घ्यायचं. जुने अमेरिकन मार्कर इंची स्क्रूंवर बांधलेले असतात आणि आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ॲलन कीचा संच मागितला की मिलिमीटरचा हातात पडतो. एक अष्टमांश इंच म्हणजे 3.175 मिलिमीटर. त्यात 3 मिलिमीटरची की शिरते, थोडी फिरतेही, आणि स्क्रू घट्ट असेल तर आतले सहा कोपरे गोल करून टाकते. मग बोल्टपर्यंत पोचायलाच स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो. पहिलं प्रकरण त्यामुळे बोल्टवर नाही, इंची किल्ल्यांवर आहे.